कुर्डुवाडीचें स्टेशन आणि आपला शेतमाल

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कुर्डुवाडी हें नांव ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं; परंतु बहुतेकांस तें ठाऊक असतें तें गाडी बदलण्याचें ठिकाण म्हणून. पंढरीस निघालेला वारकरी, लातुरास मुलीकडे जाणारा बाप, मिरजेच्या दवाखान्यांत रोगी घेऊन चाललेले नातलग, अशा सर्वांनीं केव्हां ना केव्हां या फलाटावर रात्र काढलेली असते. मात्र हें स्टेशन मुळांत कशासाठीं उभें राहिलें, त्यानें आपल्या मालाचें काय केलें, आणि आज तें आपल्या कामास किती येतें, याचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. जमा आणि खर्च समोरासमोर मांडल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाहीं. म्हणून संस्थेच्या चालकांनीं एखादा उपयुक्त विषय घ्या असें सुचवितांच हा आम्हीं हातीं घेतला.

प्रथम जन्माची हकीकत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीनें मुंबईहून मद्रासच्या रोखानें जो लोहमार्ग काढला, त्यास बोरघाटाचा मोठा अडथळा होता व त्या घाटाचें काम पुरें होण्यास १८६३ साल उजाडलें. पण तोंपर्यंत हात बांधून न बसतां कंपनीनें घाटमाथ्यापासून पुढें रूळ टाकीत नेले. १८५८ सालीं खंडाळा ते पुणें व त्याच सालाअखेर दिकसाळ, १८५९ च्या ऑक्टोबरांत हें ठिकाण, आणि १८६० सालीं मोहोळ व सोलापूर, असा तो क्रम आहे. म्हणजे कुर्डुवाडीच्या माळावर इंजिनाची शिटी ऐकूं आली तेव्हां मुंबईहून येणाऱ्या उतारूस घाट अजून डोलींत बसून, तट्टावर किंवा पायीं चढावा लागत होता.

स्टेशनास नांव पडलें तें मात्र कुर्डुवाडीचें नव्हे, तर ‘बार्शी रोड’ असें. ज्या गांवच्या व्यापारासाठीं स्टेशन केलें तें गांव रुळापासून दूर असलें म्हणजे त्याच्या नांवापुढें ‘रोड’ जोडण्याची रेल्वेची जुनी रीत आहे. नाशिक रोड हें त्याचें सर्वांच्या माहितीचें उदाहरण. बार्शी येथून २१ मैल, म्हणजे हल्लींच्या मापानें सुमारें ३४ किलोमीटर. कापूस, गळिताचीं धान्यें आणि ज्वारी यांची ती मोठी पेठ. बालाघाटाच्या वरचा माल तेथें उतरावयाचा आणि बार्शीहून बैलगाड्यांनीं स्टेशनावर यावयाचा. भरल्या गाडीस एकवीस मैलांची वाट म्हणजे वाटेंत एक मुक्काम निश्चित. जाऊन-येऊन धरलें तर बैलजोडी तीन-चार दिवस शेतांतून उठलेली. ऐन सुगींत हें किती महाग पडतें हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे.

१८७६-७७ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला, तेव्हां बाहेरचें धान्य याच लोहमार्गानें आलें. परंतु धान्य स्टेशनावर येणें निराळें आणि तें वीस-पंचवीस मैल आंत असलेल्या गांवांत पोहोंचणें निराळें. वैरणीवांचून खंगलेल्या बैलांनीं गाडी ओढावी कशी? लोहमार्ग तालुक्यांतून गेला एवढ्यानें तो गांवांत आला असें होत नाहीं, ही गोष्ट त्या वेळींच ध्यानांत आली असली पाहिजे. पुढें वीस वर्षांनीं बार्शीचा फांटा झाला.

हा फांटा काढणारा गृहस्थ एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाचा इंग्रज इंजिनियर होय. तो आधीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्याच नोकरींत होता. थोरल्या मापाचा मार्ग बार्शीपर्यंत नेण्यास खर्च फार आणि तेवढी रहदारी नाहीं. तेव्हां हलकी व स्वस्त गाडी काढावी असें त्यानें मनांत घेतलें. १८९५ सालीं ‘बार्शी लाइट रेल्वे’ कंपनी स्थापन झाली आणि १८९७ सालीं, म्हणजे पुन्हां एका दुष्काळाच्या ऐन भरांत, बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. थोरल्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट. या धाकट्याचें अडीच फूट. कॅल्थ्रॉपची खुबी अशी कीं, इंजिन असो, उतारूंचा डबा असो कीं मालाची वाघीण असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये असा त्यानें नेम केला व ओझें सर्व आंसांवर सारखें वांटलें. त्यामुळें यार्डास अवघे तीस पौंड वजनाचे रूळ त्यास पुरले, आणि तरीहि वाघिणींत माल भरपूर मावूं लागला. बैलगाडींत पोतीं पुढें-मागें सारून आपण जू हलकें करतों, त्यांतलाच हा प्रकार. या गाड्या इकडे चालूं होण्यापूर्वीं विलायतेंत लीड्स शहराजवळ १८९६ सालीं त्यांची चाचणी घेऊन इंजिनियर मंडळींस दाखविली होती, आणि बार्शीवरचा अनुभव घेऊन पुढें त्याच गृहस्थानें विलायतेंत लीक व मॅनिफोल्ड नांवाची तशीच एक लहान रेल्वे बांधली. एरवीं विलायतेंतलें पाहून इकडे केलें जातें. येथें बार्शीचें पाहून तिकडे झालें. उतारवयांत हा मनुष्य विमानांतून उडी टाकावयाच्या छत्रीच्या खटपटीस लागला, पण तो आपला विषय नव्हे.

बार्शीची गाडी नीट चालते असें दिसल्यावर रूळ दोहों बाजूंनीं वाढत गेला. १९०६ सालीं कुर्डुवाडीहून पंढरपूर, १९११ सालीं बार्शीच्या पुढें येडशीचा डोंगर चढून लातूर, आणि १९२७ सालीं पंढरपुराहून सांगोल्यावरून मिरज. एकंदर लांबी २०२ मैल. पंढरपूरचा रूळ होण्यापूर्वीं आषाढीचा यात्रेकरू थोरल्या गाडीनें येथें उतरून पुढचे एकतीस मैल पायीं वा गाडीनें जाई. रूळ झाल्यावर तोच यात्रेकरू कंपनीच्या उत्पन्नाची मोठी बाब झाला. लातूर त्या वेळीं निजामाच्या मुलखांत. रूळ आल्यानंतर त्या गांवच्या व्यापारास जो जोर चढला त्याचें फळ आजची लातूरची तूर-सोयाबीनची पेठ होय. येथें एक गोष्ट महसुली मनुष्य म्हणून आमच्या मनांत नेहमीं येते. उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशीव, हें जिल्ह्याचें गांव असूनहि रूळ त्याच्या बाजूनें निघून गेला व लोकांस येडशीच्या स्टेशनावर जावें लागे. लातूर तेव्हां जिल्ह्याचें गांव नव्हतें, पण मालाची पेठ होतें. कंपनीनें कचेरी पाहिली नाहीं, पोतीं पाहिलीं.

आतां खर्चाची बाजू. दोन मापांचे मार्ग एका ठिकाणीं आले कीं गाडी पुढें जात नाहीं. माल उतरवून घ्यावा लागतो. लातुराहून मुंबईस जाणारें तुरीचें प्रत्येक पोतें कुर्डुवाडीस धाकट्या वाघिणींतून हमालाच्या पाठीवर आणि पाठीवरून थोरल्या वाघिणींत जात असे. मुंबईहून येणारें खत, लोखंड, साखर, रॉकेल हें उलट दिशेनें तसेंच. यांत वेळ जाई, मजुरी जाई, पोतें फाटे व आंकड्याचें भोंक दाण्याचा वाटा मागे. पण याच अदलाबदलीवर कुर्डुवाडी हें गांव पोसलें. कंपनीचा इंजिनें व डबे दुरुस्त करण्याचा कारखाना येथें झाला, त्याबरोबर फिटर, लोहार, सुतार यांचीं बिऱ्हाडें आलीं, हमालांच्या वस्त्या झाल्या, खानावळी झाल्या. धाकटा रूळ या भागांतून गेला तरी कारखाना राहिला, व माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीसाठीं येथें आणले जात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आमचें मूळ गांव बार्शी तालुक्यांत. लहानपणीं, म्हणजे १९७५ च्या सुमारास, वडिलांबरोबर करडईचीं पोतीं घालावयास आम्ही स्टेशनावर जात असूं. कोळशाचें तें काळें इंजिन, त्याची ती दमेकऱ्यासारखी धाप, आणि चढावर गाडी इतकी मंद होई कीं पोरें उतरून बरोबर धांवत व पुन्हां चढत. परंतु वडील गाडीच्या वेगाविषयीं कधीं बोलत नसत. ते एवढेंच पाहात कीं बाबूनें दोन पोतीं घेतलीं कीं नाहीं. दोन असोत वा पन्नास असोत, वजन होई, पोत्यावर काळ्या शाईनें मार्का पडे, पावती हातीं येई, आणि ती पावती टपालानें आडत्याकडे रवाना केली कीं माल त्याच्या पेढीवर जमा. दोन पोत्यांच्या धन्यास वखारीच्या दारांत उभें राहण्याची तेवढी इभ्रत होती.

१९५४ च्या जानेवारींत सरकारनें कंपनी विकत घेऊन ती मध्य रेल्वेंत सामील केली. उतारूंच्या दृष्टीनें फार फरक पडला नाहीं. खरा फरक पडला तो १९८० नंतरच्या दहा वर्षांत. रेल्वेनें सुट्या मालाचा धंदा हळूहळू आंवरता घेतला. प्रथम किरकोळ नग घेणें थांबलें, मग एक-दोन वाघिणींची मागणीहि नकोशी झाली, आणि पुरी मालगाडी, ज्यास रेक म्हणतात ती, भरूं शकेल त्यासच गाडी असें धोरण झालें. रेल्वेचाहि त्यांत हिशेब होता हें आम्ही नाकारीत नाहीं. प्रत्येक स्टेशनावर दोन-दोन वाघिणी तोडावयाच्या, जोडावयाच्या, यांत इंजिनें व दिवस दोन्ही वांया जात. कोळसा, सिमेंट, पोलाद यांच्या पुऱ्या गाड्या नेणें सोपें व किफायतीचें. परंतु याचा अर्थ दोन पोत्यांचा धनी स्टेशनाबाहेर गेला आणि ट्रकवाल्याच्या दारांत उभा राहिला. त्याच सुमारास, १९८० सालीं, आपल्या तालुक्यांत उजनीचें धरण पुरें झालें होतें. ज्वारी-करडईच्या माळावर ऊंस आला, पुढें केळीचे बाग झाले. सांगोल्याकडे डाळिंब फळफळलें. नासणारा व लांबच्या बाजारांत भाव खाणारा माल जेव्हां पिकूं लागला, नेमका तेव्हांच रेल्वेचा किरकोळ धक्का बंद पडला. हा योग कोणी मुद्दाम घडवून आणला असें नव्हे. पण नुकसान व्हावयाचें तें झालेंच.

धाकटा रूळ काढून थोरला घालण्याचें काम पंढरपूरच्या बाजूनें सुरू झालें. २००७ सालीं लातूर-उस्मानाबाद व २००८ सालीं उस्मानाबाद-कुर्डुवाडी हे भाग थोरले झाले, आणि शेवटीं पंढरपूर-मिरज. या वेळीं मात्र रूळ वळवून उस्मानाबादेवरून नेला. कचेरीस शंभर वर्षांनीं कां होईना, न्याय मिळाला! भूसंपादनाच्या कामांत आम्हीं त्या वेळीं कांहीं दिवस काढले. एक वृद्ध शेतकरी रोज येऊन बसे. त्याच्या आज्याची जमीन धाकट्या रुळांत गेलेली. तो विचारी, “भाऊसाहेब, जुना रूळ उचलला, मग तो पट्टा आमच्या नांवावर परत चढंल का?” आम्हीं त्यास सांगितलें, “तात्या, एकदां संपादन झालेली जमीन रेल्वेची. रूळ असो वा नसो.” त्यानें थोडा वेळ सातबाऱ्याकडे पाहिलें व म्हणाला, “म्हणजे गाडी गेली अन् जमीनबी गेली.” यावर कारकुनानें काय बोलावें?

मापें एक झाल्याचा लाभ काय, हें सर्वांस दिसलें तें २०१६ च्या एप्रिलांत. लातूर शहरास प्यावयास पाणी उरलें नव्हतें. मिरजेस कृष्णेचें पाणी टांक्यांच्या वाघिणींत भरून गाडी निघाली, ती पंढरपूर व कुर्डुवाडीवरून १२ एप्रिलास लातुरास पोहोंचली. पहिल्या गाडीस दहा वाघिणी, पाणी सुमारें पांच लाख लिटर. पुढें पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरांची गाडी धांवूं लागली. अंतर साडेतीनशें किलोमीटरांस थोडें कमी. वाचकांनीं हा मार्ग नीट पाहावा: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. ही बार्शी लाइटचीच वाट. जुनीं दोन मापें असतीं, तर राजस्थानांतून आलेल्या त्या टांक्या मिरजेच्या पुढें एक हातभरहि सरकत्या ना. १८७६ सालीं धान्य ज्या स्टेशनावर येऊन अडलें, त्या स्टेशनावरून १४० वर्षांनीं पाणी न अडतां पुढें गेलें. जमेच्या बाजूस ही रक्कम आम्ही ठळक अक्षरांनीं लिहितों.

दुसरी ठळक रक्कम किसान रेलची. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून बिहारांतील दानापुराकडे पहिली किसान रेल सुटली. त्याच महिन्यांत सांगोल्याहून मनमाडपर्यंत जोडगाडी निघूं लागली. ती अर्थातच पंढरपूर, कुर्डुवाडी, दौंड या वाटेनें. २८ डिसेंबर २०२० रोजीं शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून बंगालमधील शालिमारकडे, आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं दूरचित्रद्वारा तिला निशाण दाखविलें. भाजीपाला व फळें यांच्या भाड्यांत निम्मी सवलत होती. परंतु सवलतीहूनहि मोठी गोष्ट आमच्या मतें निराळीच. या गाडींत किमान वजनाची अट नव्हती. तीन किलो डाळिंबांचा नग आणि सतरा डझन अंडीं हींहि या गाड्यांनीं गेलीं, असें त्या समारंभांत सांगण्यांत आलें. आमच्या वडिलांचीं दोन पोतीं चाळीस वर्षांनीं पुन्हां वखारीच्या दारांत आलीं असें तें ऐकून आम्हांस वाटलें.

आतां स्वानुभव सांगतों. त्यांत जमाहि आहे, खर्चहि आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा टेंभुर्णीच्या बाजूस केळीचा बाग आहे. २०२१ सालीं त्यांनीं व आणखी अकरा शेतकऱ्यांनीं मिळून उत्तरेकडे माल धाडण्याचें ठरविलें. आम्ही तेव्हां नोकरींत होतों. दोन दिवसांची रजा काढून हिशेब ठेवण्यास बरोबर गेलों. स्टेशनाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पेट्या सकाळीं नऊ वाजतां धक्क्यावर लागल्या. गाडी दुपारीं येणार होती, ती रात्रीं आठांस आली. धक्क्यावर सावली नाहीं. केळीनें ऊन खाल्लें. गाडी आली तेव्हां थांबण्यास वेळ थोडा, हमाल ठरल्याहून निम्मे, आणि अंधार. बाराजण मालकांनीं स्वतः पेट्या उचलल्या, तरी चाळीस पेट्या खालीं राहिल्या व गाडी हलली. त्या चाळीस पेट्या दुसऱ्या दिवशीं गांवांत पडेल भावानें द्याव्या लागल्या. बंधू त्या रात्रीं जेवले नाहींत.

तथापि पंधरा दिवसांनीं पट्टी आली तेव्हां आम्हीं सर्व आंकडे एका कागदावर मांडले. रेल्वेचें भाडें ट्रकवाल्यानें सांगितलेल्या भाड्याच्या निम्म्याहून कमी पडलें होतें. चाळीस पेट्यांचा तोटा, हमाली, टेंपोचें भाडें हें सर्व वजा घालूनहि किलोमागें पदरीं पडलेली रक्कम गांवांत व्यापाऱ्यानें बागेवर येऊन सांगितलेल्या भावाहून अधिक होती. दुसऱ्या खेपेस मंडळींनीं स्वतःच्या ताडपत्र्या नेल्या, हमालांस आदल्या दिवशीं विसार दिला, आणि गाडी मागच्या मोठ्या स्टेशनावरून सुटल्याची खात्री करून मगच माल बागेंतून हलविला. त्या वेळीं एकहि पेटी राहिली नाहीं. म्हणजे दोष गाडींत नव्हता असें नव्हे, पण त्यांतला अर्धा आपल्या बेगमीनें भरून निघण्यासारखा होता, हें कबूल केलें पाहिजे.

जानेवारी २०२३ अखेरपर्यंत देशभर किसान रेलच्या २,३५९ फेऱ्या होऊन सुमारें ७ लाख ९० हजार टन माल गेला. पुढें सवलत सरली आणि आपल्या बाजूच्या या गाड्या थांबल्या. २०२४ च्या ऑक्टोबरांत देवळालीहून दानापुराकडे ‘शेतकरी समृद्धी’ नांवाची एक गाडी काढण्यांत आली, तींत मालाचे डबे व साध्या उतारूंचे डबे दोन्ही जोडले होते. आमच्या सांगोला-कुर्डुवाडी पट्ट्यानें अशीच गाडी कां मागूं नये? मागणी करणारे खासदार, आमदार पुष्कळ आहेत. मागणीसोबत आंकडे देणारे थोडे.

उतारूंच्या सोयींविषयीं थोडक्यांत सांगतों. पुणें-सोलापूर मार्ग दुहेरी झाला व त्यावर विजेची तार आली. मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली व तिला कुर्डुवाडीस थांबा मिळाला. पुण्यास कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांस, मुंबईस मोठ्या इस्पितळांत जाणाऱ्या रोग्यांस याचा उपयोग आहे, त्यास कोणी नांवें ठेवूं नयेत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, स्टेशनाची सुधारणा म्हणतांच सर्वांच्या डोळ्यांपुढें फरशी, सरकता जिना व दिव्यांची कमान उभी राहते. शेतकऱ्याच्या दृष्टीनें सुधारणेचीं मापें निराळीं आहेत: धक्क्यावर पंचवीस टन माल राहील एवढी सावली आहे काय, काटा चालूं आहे काय, टेंपो थेट धक्क्याशीं लागतो काय, रात्रीं उजेड आहे काय, आणि माल भरण्यास गाडी नेमकी किती मिनिटें उभी राहते. आपल्या जवळच्या कोणत्याहि स्टेशनावर जाऊन हीं पांच मापें लावून पाहावीं. यांपैकीं एकासहि फार पैसा लागत नाहीं.

गाडी आली तरी भरावयाचें काय, हा प्रश्न मात्र रेल्वेचा नव्हे, आपला आहे. मालाच्या मोठ्या पार्सल डब्यांत सुमारें २३ टन माल मावतो. चांगल्या केळीच्या एका एकरांतून साधारण पंचवीस टनांच्या घरांत माल निघतो, परंतु तो एकाच दिवशीं कापणीस येत नाहीं. दहा-बारा बागांची कापणी एका आंठवड्यांत जुळविली तर एक डबा सहज भरतो. एकट्यादुकट्यास डब्याचें भाडें झेपत नाहीं, गटास झेपतें. जे काम पूर्वीं स्टेशनावरचा बाबू दोन-दोन पोतीं एकत्र करून करी, तें आतां संस्थेनें केलें पाहिजे. यासाठीं कोणाच्या बागेंत किती झाडें आहेत, कोणत्या महिन्यांत किती माल तयार होईल, आणि गेल्या तीन हंगामांत तो कोठें व कोणत्या भाड्यानें गेला, याचें एक टिपण प्रत्येक गांवच्या गटप्रमुखाजवळ असलें पाहिजे. केळी व डाळिंब या दोन पिकांपुरतें आरंभीं पुरे.

हीं टिपणें कोऱ्या कागदावर हातानें लिहिलेलीं असलीं तरी चालतील. पुढील मासिक सभेच्या दिवशीं गटप्रमुखांनीं तीं बरोबर आणावीं. त्यांवरून माहेवार तक्ता आम्ही विनामोबदला तयार करून देऊं, आणि तो घेऊन संस्थेचे दोन प्रतिनिधी सोलापूरच्या विभागीय रेल्वे कचेरींत जातील असें चालकांनीं ठरविलें आहे. टेंभुर्णी व कंदर बाजूच्या गटांनीं झाडांची संख्या अंदाजानें न लिहितां बागेंत जाऊन मोजावी.